एक वाटा बनुबाईचा

बनुबाईची दोन बोटं गाडीच्या दारात सापडली ती सेहेचाळीस सालच्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. मी तेव्हा भोकरवाडीच्या शाळेत मास्तर होतो. भोकरवाडी म्हणजे नगर-मनमाड लाइनवरचं एक लहानसं स्टेशन आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर शंभरेक उंबऱ्यांचं गाव. बनुबाई तिथली सुईण. पन्नाशी ओलांडलेली, विधवा, अंगानं काटक, बोलायला खणखणीत. आसपासच्या सात-आठ गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. आमची दयासुद्धा. माझी बायको हन्ना मिशनच्या दवाखान्यावर विश्वास ठेवणारी, पण दयाच्या वेळी ती रात्रभर अडली आणि नगरला नेण्याइतका वेळ राहिला नाही, तेव्हा बनुबाईनं तिला ज्या हिमतीनं सोडवलं ते हन्ना कधी विसरली नाही.

त्या दिवशी बनुबाई भाचीच्या बाळंतपणाला नगरला निघाली होती. तिला गाडीत बसवून द्यायला धाकटी जाऊ मनकर्णा स्टेशनावर आली होती. पेरूचे दिवस होते. राहात्याकडून बैलगाड्यांनी आलेल्या पेरूच्या पाट्या फलाटावर रचून ठेवलेल्या, आणि त्या चढवायला पोर्टर एकटा, सहादेव. पाट्या चढवायच्या, उतरलेल्यांची तिकिटं गोळा करायची, डब्यांची दारं लावायची, आणि स्टेशनमास्तर तारेच्या यंत्राशी अडकले असले की झेंडीही त्यानंच दाखवायची.

बनुबाई डब्यात चढली, पण आत जाऊन बसली नाही. दारातच उभी राहिली, डावा हात चौकटीवर ठेवून, फलाटाकडं अर्धी मागं वळून. मनकर्णा खालून विचारत होती, "आक्का, पाटलाच्या सुनंला बाळंतशोपा किती द्यायच्या? मागल्या टायमाला तिला उष्ण पडलं हुतं." बनुबाई सांगत होती. गार्डची शिट्टी झाली. तरी ती सांगतच होती, कारण शेळीचं सांगायचं राहिलं होतं. एवढ्यात सहादेव डब्यांच्या कडेनं धावत आला, एकामागून एक दारं लोटत. त्या जुन्या डब्यांची दारं बाहेर उघडायची. त्यानं बनुबाईच्या डब्याचं दार धाडकन लावलं आणि पुढच्या दाराकडं पळाला.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही वरच्या पेरापासून चेंगरली.

डब्यातल्या एका माणसानं दार उघडून हात सोडवला आणि साखळी ओढायला उठला. तोवर गाडी चालू झाली होती. बनुबाईनं पदर हाताला गुंडाळला आणि त्याला म्हणाली, "ओढू नगं बाबा. गाडी हितं थांबली तर डाक्तर हितं येनार हाय का? नगरला डाक्तर हाय."

नगरला दवाखान्यात दोन्ही बोटांची वरची पेरं काढून टाकावी लागली. तिसऱ्या दिवशी भाचीला कळा सुरू झाल्या तेव्हा बनुबाई हाताला बँडेज बांधून खाटेशेजारी बसली होती. भाचीच्या सासूला ती सांगत गेली, हात असा धर, आता थांब, आता दाब. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

ती भोकरवाडीला परतली तेव्हा मनकर्णा गळ्यात पडून रडली. "मीच तुमास्नी बोलत ठेवलं. मी बाळंतशोपा इचारल्या नसत्या तर तुमी आत बसला असता." सहादेवही एकदा येऊन गेला. अंगणात उकिडवा बसला, टोपी हातात फिरवत राहिला, आणि एक शब्द न बोलता उठून गेला. बनुबाईनं त्याला चहा दिला होता, तोही त्यानं अर्धाच प्यायला.

हात बरा झाला, पण बोलावणी कमी झाली. "बनुबाईच्या हाताला आता पयल्यासारखी पकड न्हाई," असं बायका आपसात म्हणू लागल्या. शिमग्याच्या सुमारास बनुबाई दोन आठवडे नुसती घरी बसून होती, हे मला हन्नाकडून कळलं. मग मीच तिला सुचवलं की रेल्वेकडं अर्ज करावा, काही मदत मिळेल.

अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं आणि अर्ज लिहिण्याची मला हौस होती. 'मी एक गरीब व निराधार विधवा असून, माझी यत्किंचितही चूक नसताना, आपल्या नोकराच्या घोर निष्काळजीपणामुळे' अशी ती भाषा होती. बनुबाईनं विचारलं, "काय काय लिवलं?" मी म्हणालो, "झालं ते लिहिलं." तिनं अंगठा उठवला.

उत्तर आलं एप्रिलमध्ये. शाळा भरलेली असताना बनुबाई ते घेऊन थेट वर्गात आली. एरवी ती शाळेची पायरी चढत नसे. मी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि पत्र उघडलं. इंग्रजीत होतं, टाइप केलेलं. मी तिला अर्थ सांगितला. चौकशी केली असता असं आढळलं की पोर्टरनं दारं लावण्यापूर्वी मोठ्यानं सूचना दिली होती, बाईनं तिकडं लक्ष दिलं नाही, आणि झालेली इजा सर्वस्वी तिच्याच निष्काळजीपणामुळं झाली आहे. सबब अर्ज नामंजूर.

"सर्वस्वी म्हंजी?" बनुबाईनं विचारलं.

"म्हणजे सगळी चूक तुमची."

"सगळी?"

"असं त्यांचं म्हणणं."

ती बाकावर बसली. समोर दुसरीची पोरं तेराचा पाढा ओरडत होती. "निम्मी म्हनले असते तर मी घरी बसले असते मास्तर. माझा हात जिथं न्हाई ठेवायचा तिथं हुता, हे मला ठावं हाय. पन सगळी? आन् सहादेवानं सूचना दिली म्हनं. कवा दिली?" तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, चौघडी करून कनवटीला लावलं. "हे असं कागदावर न्हाई राहू द्यायचं. आपन कुनाकडं तरी जाऊ."

अशा रीतीनं आम्ही नगरला दिल्ली दरवाज्याजवळ नारायणराव वकिलांकडं गेलो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाची केस त्यांनी चालवली होती. नारायणराव पन्नाशीचे, पोट सुटलेले, सदा घाम पुसणारे, पण ऐकून घेणारे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. पण कायदा काय आहे तो आधी ऐका. अपघातात दोघांची चूक असली, आणि त्यात तुमची थोडी जरी निघाली, तरी तुमचा दावा जातो. थोडीथोडकी भरपाई असं काही नसतं. एक तर सगळं, नाही तर काहीच नाही."

बनुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. "दोन बैलांनी मिळून गाडी उलथवली, तर एकालाच मारायचं?"

नारायणराव हसले. "कायदा तसाच आहे खरा."

"मग त्यो ज्यानं केला त्याला बैल हाकता येत नसनार."

त्यांनी केस घेतली. फीचं नंतर बघू म्हणाले. मात्र निघताना बनुबाईला बजावलं, "कोर्टात विचारलं तेवढंच सांगायचं. जास्तीचं एक अक्षर बोलायचं नाही."

"बरं," बनुबाई म्हणाली.

रेल्वेला नोटीस गेली. दोन महिने थांबावं लागलं, मग जिल्हा कोर्टात दावा दाखल झाला. मधे एकदा मी शाळेच्या कामानं नगरला गेलो असताना नारायणरावांनी मला मुद्दाम थांबवून घेतलं. टेबलावर इंग्रजी कायद्याचं एक जाड पुस्तक उघडं होतं. ते खुशीत होते. "मास्तर, तुमच्या बाईंचा बैल विलायतेत पोचला. तिथल्या पार्लमेंटनं गेल्याच वर्षी कायदा बदललाय. दोघांची चूक असली तर ज्याची जितकी तितकी वाटून द्यायची. दावा बुडवायचा नाही." मग त्यांनी घाम पुसला. "इथं तो लागू नाही, हे रेल्वेचा वकील पहिल्या मिनिटाला सांगेल. पण न्यायाला धरून काय, ते इथल्या कोर्टालाही ठरवता येतं. बघू या."

तारखा पडत गेल्या. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये एकदाची सुनावणी लागली. पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. मनकर्णाला बरोबर यायचं होतं, पण एका बाईचे दिवस भरले होते, म्हणून तिला मागं राहावं लागलं. एव्हाना मनकर्णा बनुबाईबरोबर प्रत्येक बाळंतपणाला जाऊ लागली होती. बनुबाईचा उजवा हात आणि मनकर्णाचे दोन्ही, असं त्यांचं चाललं होतं, आणि बोलावणी पुन्हा येऊ लागली होती.

पट्टेवाल्यानं व्हरांड्यात हाळी दिली, "बनुबाई भ्रतार धोंडिबा हाजिर हाय?" ती पदर खोचून पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. जज्जसाहेब बारीक अंगाचे, सर्दी झालेले. नारायणरावांनी सरतपासणीत जेवढं विचारलं तेवढंच बनुबाईनं सांगितलं. गाडीत चढले, हात चौकटीवर होता, दार लागलं, बोटं गेली. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय.

मग रेल्वेचे वकील उठले. उंच, गोरे, मराठी अगदी पुस्तकी.

"गार्डची शिट्टी आपण ऐकलीत?"

"ऐकली."

"शिट्टी म्हणजे गाडी सुटणार, हे आपल्याला माहीत आहे?"

"शेंबड्या पोरालाबी माहीत हाय."

"तरीही आपण दारातच उभ्या राहिलात. आपलं लक्ष कुठं होतं?"

"जावंकडं. तिला शेळीचं सांगत हुते."

"म्हणजे दाराकडं नव्हतं."

"न्हवतं."

नारायणरावांनी डोळे मिटून घेतले. रेल्वेच्या वकिलांनी टेबलावरून एक कागद उचलला. तो मी लिहिलेला अर्ज होता. मला लांबूनही माझं अक्षर ओळखू आलं आणि कानशिलं गरम झाली.

"या अर्जात आपण म्हणता, 'माझी यत्किंचितही चूक नसताना'. यावर आपला अंगठा आहे. मग खरं काय समजायचं? अर्जातलं की आत्ताचं?"

"यत्किंचित म्हंजी?"

"म्हणजे जराही."

बनुबाईनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "ते मास्तरांनी लिवलं साहेब. त्यांचं अक्षर लई चांगलं हाय. पन मी जराबी न्हाई असं म्हनले नव्हते. माझी हाय. मी शिट्टी ऐकून आत जायला पायजे हुतं."

कोर्टात हशा पिकला. कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. रेल्वेचे वकील समाधानानं खाली बसले. त्यांच्या दृष्टीनं खटला संपला होता. नारायणराव कागदावर रेघा मारत होते.

जज्जसाहेबांनी नाक पुसलं आणि स्वतःच विचारलं, "बाई, तुमची चूक तुम्ही कबूल करता. मग दावा कशाला लावलात?"

"सगळी माझी म्हनले म्हनून, साहेब."

"मग तुमच्या मते किती तुमची?"

बनुबाई म्हणाली, "साहेब, मी तीस वर्सं बायका सोडवते. पोर दगावलं तर घरात पयला सवाल ह्योच, चूक कुनाची. सासू म्हनती सुनंची, म्हायेरचे म्हनत्यात सासूची, आन् समदे मिळून म्हनत्यात सुईनीची. मी बघते तर सुनंनं पाटी उचललेली असती, सासूनं उपाशी ठेवलेलं असतं, मला बोलवायला उशीर झालेला असतो, आन् माझ्याबी हातून कायतरी राहिलेलं असतं. एकट्याची क्वचित असती. माझा हात तिथं नको हुता. पन दार लावनाऱ्यानं दाराकडं बघायला नको का? निम्मी माझी, निम्मी त्यांची."

जज्जसाहेब बराच वेळ लिहीत होते. मग मधली सुट्टी झाली.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली आम्ही फडकं सोडलं. हन्नानं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे दिले होते. मी बनुबाईची माफी मागितली. "ते यत्किंचित माझं. तुम्हाला वाचून दाखवायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली, "दाखवाया पायजे हुतं." आणि मला भाकरी दिली. विषय तिथं संपला.

थोड्या अंतरावर सहादेव उभा होता. रेल्वेनं त्याला साक्षीला आणलं होतं. त्याच्यासोबतचा कारकून चहाला गेला होता आणि सहादेव भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नसावं.

"सहादेवा, ये, बस," बनुबाईनं हाक मारली.

"मावशी, मी त्यांच्या बाजूचा साक्षीदार हाय."

"साक्षीदाराला भूक लागत न्हाई का?"

तो आला, आमच्यापासून हातभर दूर बसला. बनुबाईनं भाकरीवर चटणी घालून त्याच्या हातात दिली. तो दोन घास खाऊन हळूच म्हणाला, "मावशी, मला सांगितलंय, आवाज दिला म्हनून सांग. न्हाई सांगितलं तर नोकरी जाईल."

"आवाज कसा देशील तू? तुझ्या तोंडात झेंडी हुती की रं."

सहादेव चावायचा थांबला. मीही थांबलो.

"झेंडी?" मी विचारलं.

"ह्याचे दोन्ही हात दारं लावण्यात गुतलेले. हिरवी झेंडी दांडीसकट दातात धरली हुती. मनकर्णाशी बोलता बोलता लांबनं दिसला की मला. माझ्या मनात आलं बी, ह्यो पडला तर दांडी टाळूत जाईल." ती सहादेवाकडं वळली. "खोटं हाय का?"

"न्हाई मावशी."

मी उठून नारायणरावांना शोधायला धावलो. ते बाररूमच्या पायरीवर उदास बसले होते. ऐकून ते ताडकन उभे राहिले आणि माझ्याबरोबर झाडाखाली आले. सहादेव तोवर उठून भिंतीकडं गेला होता.

"बाई, हे मला वर्षभर का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमीच म्हनला, इचारलं तेवढंच सांगा."

नारायणरावांनी कपाळावरचा घाम पुसला. हसावं की रागवावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"एक मात्र हाय," बनुबाई म्हणाली. "त्याला नोकरीवरनं घालवायचं न्हाई. त्याला दोन पोरं हायत, दोन्ही माझ्याच हातची."

"मी त्याच्यावर काही येऊ देणार नाही," नारायणराव म्हणाले. "स्टेशनावर माणसं किती होती, तिथून सुरुवात करतो."

सुट्टीनंतर सहादेव पिंजऱ्यात गेला. रेल्वेच्या वकिलांनी विचारलं, दारं लावण्यापूर्वी आवाज दिला का. "दिला," तो म्हणाला, इतक्या हळू की जज्जसाहेबांनी पुन्हा विचारलं. काय म्हणून आवाज दिला? "दारं संभाळा म्हनून."

नारायणराव उठले, घाई न करता.

"त्या दिवशी स्टेशनावर पोर्टर किती होते?"

"मी एकला."

"नेमणूक कितीजणांची?"

"दोघांची. दुसरा लढाईवर गेला, त्याची जागा भरलीच न्हाई."

"कधीपासून?"

"तीन वर्सं झाली."

"पेरूच्या पाट्या किती चढवल्यात?"

"चाळीस असतील. गार्ड वरडत हुता, गाडीला उशीर झाला म्हनून."

"आणि स्टेशनमास्तर?"

"ते तारंवर बसले हुते. म्हनून झेंडी माझ्याकडं."

"बरं. दारं लावताना दोन्ही हात लागत असतील?"

"लागत्यात. जुनी दारं, जड हायत."

"मग झेंडी कुठं ठेवलीत?"

सहादेवानं बनुबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती, रागानं नव्हे, बाळंतिणीकडं बघावं तशी.

"तोंडात, साहेब."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. मागं कुणीतरी खुदकन हसलं, पट्टेवाल्यानं त्याला गप्प केलं.

"दातात धरून?"

"व्हय."

"आणि दातात झेंडी धरून तुम्ही मोठ्यानं ओरडलात?"

सहादेव कठडा धरून उभा होता. "न्हाई साहेब. आवाज न्हाई दिला. मला सांगितलं हुतं म्हनून तसं बोललो. आवाज द्यायला पायजे हुता, आन् दाराकडं बी बघायला पायजे हुतं. मी गार्डकडं बघत हुतो." आणि मग कुणी विचारलं नसताना तो म्हणाला, "मावशीकडं मी एकदा गेलो हुतो. मला बोलायला येईना."

रेल्वेच्या वकिलांनी फेरतपासणी घेतली नाही. मग दोघा वकिलांचा कायद्यावर वाद झाला, बराचसा इंग्रजीत. बनुबाईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती शेवटपर्यंत ताठ बसून ऐकत होती.

निकाल महिन्याभरानं लागला. नारायणरावांनी तो आम्हाला मराठीत समजावून सांगितला. कोर्टाचं म्हणणं असं की जुन्या नियमानं दावा फेटाळता आला असता, पण जो नियम खुद्द विलायतेनं अन्यायाचा म्हणून टाकून दिला, तो इथं धरून बसण्यात न्याय नाही. रेल्वेनं दोघांच्या कामावर एकच माणूस ठेवला आणि त्यानं न बघता, न सांगता दार लावलं, म्हणून चुकीचे दोन वाटे रेल्वेचे. बाईनं शिट्टी ऐकूनही हात काढला नाही, म्हणून एक वाटा तिचा. जी भरपाई ठरली तिच्यातून तिचा तिसरा हिस्सा वजा करून बाकीची रेल्वेनं द्यायची. बाईनं कोर्टापुढं स्वतःच्या विरुद्ध जे खरं सांगितलं, त्यामुळं तिच्या बाकीच्या सांगण्यावरही विश्वास ठेवावा लागला, असंही त्यात एक वाक्य होतं. ते नारायणरावांनी दोनदा वाचलं.

"दोन वाटे त्यांचे?" बनुबाई म्हणाली. "मी तर निम्मी म्हनले हुते."

"साहेबांना तुमची वाटणी पटली नाही."

ती जरा नाराज झाली. भाव तिनं सांगावा आणि गिऱ्हाइकानं जास्त द्यावं, तसं काहीसं तिला वाटलं असावं. परतीच्या गाडीत विळद स्टेशन येईपर्यंत ती बोटांवर वाटे मोजत होती. मग म्हणाली, "शिकलेला मानूस हाय, त्यानं समद्यांचं ऐकलं. आसंल बाबा त्याचं खरं." आणि खिडकीला डोकं टेकून छान झोपली. मी तिला भोकरवाडी आल्यावर उठवलं.

फलाटावर मनकर्णा उभी होती. आम्ही खाली उतरायच्या आत तिनं विचारलं, "आक्का, काय झालं?"

"तीन वाटे केले. दोन रेल्वेचे, एक माझा."

मनकर्णानं पदराचं टोक तोंडाशी धरलं. "आन् माझा?"

"तुझं नाव कुनी काढलंच न्हाई."

मनकर्णाला ते खरं वाटेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. वर्षभर तिच्या चेहऱ्यावर जे ओझं असायचं ते उतरताना मी तिथं उभा राहून बघितलं. मग ती एकदम हसली आणि म्हणाली, "चला, पिठलं टाकून आले हाय, लागलं असंल खाली." दोघी झपाझपा गावाकडं चालू लागल्या.

रेल्वेनं अपील केलं नाही. पैसे मिळाले त्यातून नारायणरावांनी आपली फी घेतली, तीही बनुबाईनं हट्ट धरला म्हणून. उरलेल्यातून तिनं घराला लागून पत्र्याची एक खोली बांधली, मोठी खिडकी असलेली, आणि पाणी तापवायला तांब्याचा मोठा हंडा घेतला. ज्यांच्या घरात जागा नसे त्या बायका बाळंतपणाला तिथंच येऊ लागल्या. सहादेवाला वरून ताकीद आली, पण नोकरी राहिली. पावसाळ्यानंतर भोकरवाडीला दुसरा पोर्टर आला, कानिफनाथ नावाचा. आल्या आल्या त्याला पहिलं काम पेरूच्या पाट्यांचं मिळालं. सहादेव आता दारं सावकाश लावायचा आणि प्रत्येक दाराशी थांबून "संभाळा हो" म्हणायचा. गाडीला त्यामुळं अर्धं मिनिट उशीर होई. गार्ड कुरकुरत, पण कुणी त्याला बोललं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली राहात्याला झाली. तिथल्या बाजारात एका गुरुवारी मला मनकर्णा भेटली. डोक्यावर शेळीच्या चाऱ्याचा भारा, तब्येत सुधारलेली. मी बनुबाईची चौकशी केली.

"आक्का घरी कुठं हायत? नगरजवळ केडगावला हायत, वकीलसाहेबांच्या लेकीकडं. सुनीतीताईंच्या बाळंतपनाला बोलावणं आलं हुतं, खास मानूस पाठवून."

"मग? झालं का?"

"मुलगा झाला, धा दिवस झाले. म्या पाच दिवस राहून परत आले. आक्कांनाबी यायचं हाय, पन वकीलसाहेब सोडत न्हाईत. रोज सकाळी येत्यात, पोराला बघत्यात, आन् आक्काजवळ खुर्ची टाकून बसत्यात. कज्ज्यांचं सांगत असत्यात मास्तर, आन् आक्का आपलं शेकशेगडी करता करता ऐकत असत्यात."

भारा सावरत ती निघाली. जाताना मागं वळून म्हणाली, "हन्नावैनींना आन् दयाला घेऊन या एकदा. खोलीच्या खिडकीतनं वारा लई झकास येतुया."